कॉमन नेम, पण कोणाचं?

फाल्गुनात पळस पेटला की त्याच्यावर फोनचा कॅमेरा धरून पाहा. झाडं ओळखणारं एखादं ॲप दोन सेकंदांत सांगेल: ब्युटिया मोनोस्पर्मा. खाली बारीक अक्षरांत 'कॉमन नेम', फ्लेम ऑफ द फॉरेस्ट. भाषा मराठी निवडली असेल आणि नशीब फुटकं असेल तर 'जंगलाची ज्योत'. झाड आपलं, फोन आपला, डेटा पॅकचे पैसेही आपलेच. पळस हा शब्द मात्र स्क्रीनवर नाही.

या 'ब्युटिया'ची कथा ऐकण्यासारखी आहे. जॉन स्टुअर्ट, तिसरा अर्ल ऑफ ब्यूट, हा १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याला वनस्पतींचा षौक होता, म्हणून पळसाच्या अख्ख्या कुळीला त्याचं नाव मिळालं. १७५७ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये ज्या गावाजवळ लढाई जिंकली त्या पलाशीचं नाव पळसावरून पडलेलं. म्हणजे आधी पळसाच्या गावात बंगाल गेला आणि पुढे खुद्द पळसही ब्यूटसाहेबांच्या खात्यात जमा झाला. आपलं राज्यपुष्प ताम्हण, त्याचंही तेच. लॅजरस्ट्रोमिया हे नाव माग्नुस फॉन लागरस्ट्रोम या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकाचं. तो लिनिअसचा मित्र होता आणि त्याला वनस्पतींचे नमुने मिळवून द्यायचा.

हे वाचून कोणी 'लॅटिन नावं हटाव' अशी घोषणा द्यायला उठत असेल तर त्याने जरा बसावं. त्याच्याशीही मला भांडायचं आहे, पण नंतर. आधी माझ्या जातभाईंशी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांशी.

मी बॅकएंड लिहिते. आधीच्या नोकरीत एका शहराच्या झाडांच्या नोंदणीचं काम आमच्याकडे होतं. प्रत्येक झाडाला नंबर, लोकेशन, बुंध्याचा घेर, फोटो. प्रजातींच्या टेबलमध्ये तीन कॉलम होते: आयडी, सायंटिफिक नेम, कॉमन नेम. कॉमन नेम एकच. मी विचारलं, कोणाचं कॉमन? लीड म्हणाला, इंग्लिश, अजून कोणाचं. मराठीचं फेज टूमध्ये बघू. फेज टूमध्ये तो कॉलम उचलून भाषांतराच्या मशीनमध्ये घातला गेला. गोल्डन शॉवर ट्रीचं झालं 'सोनेरी वर्षाव वृक्ष', प्राइड ऑफ इंडियाचं 'भारताचा अभिमान'. बहावा आणि ताम्हण ज्या शहरात रस्तोरस्ती लावलेले आहेत तिथल्या लोकांना आम्ही हे दाखवणार होतो. मी आवाज चढवला तेव्हा उत्तर मिळालं, "अगं, सर्चमध्ये बहावा कोण टाइप करतंय?"

टाइप करणार कोण आणि कशासाठी? बहावा टाइप केल्यावर काहीच सापडत नाही, हे लोक एकदा करून बघतात आणि गप्प बसतात. मग आमच्या ॲनालिटिक्समध्ये मराठी सर्च शून्य दिसतो आणि मराठीला डिमांड नाही असं ठरतं. बहावा, सावर, उंबर ही नावं माझ्या पिढीतल्या कित्येकांना अमलताश, सेमल, गुलर म्हणून माहीत आहेत, कारण इंटरनेटवर निदान ती सापडतात.

लीडचा मुद्दा मूर्खपणाचा नव्हता, तो नीट मांडते. स्थानिक नावांचा भरवसा नाही. एका झाडाला दहा नावं, एका नावाची दहा झाडं. हा गोंधळ लिनिअसने १७५३ मध्ये सोडवला, प्रत्येक प्रजातीला दोन शब्दांचं नाव देऊन. जगात कुठेही जा, तेच नाव. मग त्या नावाला धरून राहावं, बाकीचं सजावट म्हणून ठेवावं.

यातला अर्धा भाग खरा आहे आणि त्या अर्ध्या भागावर माणसांची तब्येत अवलंबून आहे. सोसायटीच्या कंपाउंडला लागून सरळसोट उभी असतात ती झाडं, खाली झुकलेली लांब नागमोडी पानं, त्यांना सगळे अशोक म्हणतात. औषधातला अशोक वेगळा. तो सीतेचा अशोक, साराका असोका, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा, पसरट. त्याची साल स्त्रियांच्या विकारांवर अशोकारिष्टात जाते. हे झाड जंगलात कमी होत चाललंय आणि बाजारात त्याच्या सालीत त्या सोसायटीवाल्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. ब्राह्मीचंही तसंच. औषधांच्या सरकारी मानकग्रंथात ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी, पण तुमच्या घरच्या कुंडीत गोल पानांची जी ब्राह्मी पसरली आहे ती बहुतेक सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. अशा ठिकाणी लॅटिन नावाशिवाय इलाज नाही. सीताफळाचं प्रकरण त्यामानाने निरुपद्रवी. दिल्लीत नोकरीला गेलेल्या मित्राने हौसेने सीताफळ मागवलं तर दारात लाल भोपळा हजर. तिकडे भोपळ्यालाच सीताफळ म्हणतात, आपलं सीताफळ तिकडे शरीफा.

आता दुसरा अर्धा भाग. लॅटिन नाव कायम असतं, बदलत नाही, या श्रद्धेचा.

बाभूळ घ्या. जुन्या पुस्तकांत ती ॲकेशिया अरॅबिका आहे, नंतरच्या पुस्तकांत ॲकेशिया निलोटिका. ॲकेशिया हा शब्द ग्रीक, इजिप्तमधल्या काटेरी झाडासाठीचा, आणि ते झाड म्हणजे आपली बाभूळच. निलोटिका म्हणजे नाईलकाठची. पुढे असं लक्षात आलं की ॲकेशिया या एका नावाखाली कोंबलेल्या शेकडो प्रजाती खरं तर वेगवेगळ्या कुळींच्या आहेत. नाव एकाच गटाकडे राहणार. ऑस्ट्रेलियातल्या गटात प्रजाती सर्वांत जास्त, जवळपास हजार, म्हणजे कागदपत्रं बदलण्याचा त्रास तिकडे सर्वांत मोठा. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये नाव ऑस्ट्रेलियाला गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्का बसला. ज्या झाडामुळे तो शब्द जन्मला त्या बाभळीलाच घराबाहेर काढलं. आता ती व्हॅशेलिया निलोटिका. व्हॅशेल कोण? मकावमध्ये ब्रिटिश वखारीवर असलेला एक पाद्री, फावल्या वेळात झाडं गोळा करणारा. खैर गेला सेनेगालियामध्ये. यादरम्यान माझ्या आजोळच्या बांधावर काय फरक पडला? बाभूळ बाभूळ राहिली आणि खैर खैर.

ताजं उदाहरण २०२४ च्या माद्रिदच्या काँग्रेसचं. 'कॅफ्रा' हा शब्द आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना दिल्या जाणाऱ्या शिवीवरून आलेला, म्हणून तो असलेली दोनशेहून जास्त नावं बदलायचं मतदानाने ठरलं. आपल्या पांगाऱ्याची आफ्रिकन चुलतबहीण एरिथ्रिना कॅफ्रा, तिच्यातलं एक अक्षर गळलं आणि ती ॲफ्रा झाली. चांगलंच केलं. पण बघा, विज्ञानाचं नाव वाद घालून, मतं मोजून बदलता येतं. आकाशातून पडलेलं काही नाही ते. माणसांनी ठेवलेलं आहे, इतर सगळ्या नावांसारखंच.

डेटाबेसच्या पहिल्या धड्यात शिकवतात की ज्याला अर्थ आहे आणि जे बदलू शकतं ते प्रायमरी की म्हणून वापरू नका. माणसाचं आडनाव वापरू नका, मोबाइल नंबर वापरू नका. अर्थ नसलेला एक आकडा द्या आणि नावं वेगळ्या टेबलमध्ये ठेवा. वनस्पतिशास्त्रवाल्यांना हे माहीत आहे. आंतरराष्ट्रीय नामसूचीत प्रत्येक नावाला स्वतःचा नंबर असतो, आणि जुनं नाव फेकून न देता ते आता कुठल्या नावात मिळालं याची साखळी ठेवलेली असते. बाभळीच्या सगळ्या जुन्या लॅटिन नावांना अशी सन्मानाने जागा आहे. जो मान मेलेल्या लॅटिन नावाला मिळतो तो कोट्यवधी लोकांच्या तोंडी असलेल्या जिवंत मराठी नावाला देता येत नाही, इथे माझं डोकं फिरतं.

कारण मराठी नाव म्हणजे लॅटिन नावाचं गावठी भाषांतर नव्हे. ते वेगळंच काहीतरी मोजत असतं. गार्सिनिया इंडिका हे एक नाव घ्या आणि कोकणात जा. झाडावरचं फळ रातांबा. साल काढून वाळवली की आमसूल, नाहीतर कोकम. मीठ घालून रस काढला की आगळ. गोव्यात फळ भिरंड, वाळवलेल्या साली सोलां, बियांचं तेल भिरंडेल. माझ्या कुडाळच्या मावशीला मी फोनवर विचारलं की कोकमाचं मराठी नाव नेमकं काय लिहू, तर ती म्हणाली, "कशाचं? झाडाचं, फळाचं की सालीचं?" आमच्या तीन कॉलमांच्या टेबलला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. हरभऱ्याचं पाहा. घाट्यांसकट उपटलेलं झाड डहाळा, त्यातला ओला दाणा सोलाणा, शेकोटीत भाजला की हुळा, भट्टीतून आला की फुटाणा. लॅटिनमध्ये हे सगळं सायसर ॲरिएटिनम, कारण लॅटिनला दाणा मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो एवढ्यातच रस होता. दोन्ही बरोबर. पण पहिल्याला सजावट म्हणणारा माणूस उपाशी नसावा.

आणि स्थानिक नावांना शिस्त नसते हे कोणी ठरवलं? साताऱ्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. स्वयंपाकातला तो कढीलिंब, विदर्भात गोडलिंब. बकाणनिंब आणखी वेगळा. मागे समान शब्द, पुढे फरक सांगणारा शब्द. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन सारखी दिसणारी पण वेगळ्या कुळींची झाडं. पांढऱ्याची साल हगवणीवर देतात, तिथे काळ्याची चालत नाही. लोकांना घोटाळ्याचा धोका दिसला तेव्हा त्यांनी विशेषण लावलं. लिनिअसने यापेक्षा निराळं काय केलं? 'पळसाला पानं तीनच' ही म्हणही वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत लिहिली तर मार्क मिळतील, कारण त्रिदल पान ही पळसाची ओळखच आहे. कधीतरीच उगवणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचं फूल म्हणतो. उंबराची फुलं त्या फळासारख्या गोळ्याच्या आत दडलेली असतात, बाहेर दिसत नाहीत, हे कोणीतरी पाहिलं असल्याशिवाय हा वाक्प्रचार तयार होत नाही.

मुळात या दोन प्रकारच्या नावांमध्ये भिंत कधी नव्हतीच. ग्रीक-लॅटिन मूळ नसलेली कुळीची नावं बाद करावीत, असा लिनिअसने नियम घातला होता. आणि त्याच्याच आंब्याचं नाव मँगिफेरा! मूळ शब्द मल्याळममधला 'मांङ्ङा', पोर्तुगीजांच्या तोंडून गेला, लॅटिन शेपूट लागलं, झालं शास्त्रीय. शेवग्याचं मोरिंगा तमिळ-मल्याळममधून आलं, सागाचं टेक्टोना तिकडच्याच 'तेक्कु'वरून. धोतऱ्याचं डाटूरा ऐकल्यावर खुलासा नकोच. सुपारीचं नाव तर अरेका कॅटेचू, म्हणजे नावात कातही! कात खैरापासून होतो, सुपारीपासून नाही. पण विड्यात दोघं शेजारी असतात, तेव्हा युरोपात बसून एवढी चूक व्हायचीच. फोडशीच्या कुळातल्या सफेद मुसळीचं नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. हो, आपली बोरिवली. लोकल स्टेशनवरून लॅटिन नाव होतं, तेव्हा कोणी त्याला 'रीजनल' म्हणत नाही.

सगळ्यांत मोठा दाखला 'होर्तुस मलबारिकुस'चा. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान रेडे याने केलेला बारा खंडांचा ग्रंथ, आम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेला. सातशेहून जास्त वनस्पती, आणि चित्रांवर नावं एकाहून जास्त लिप्यांत, त्यात नागरीसुद्धा. ही माहिती दिली इट्टी अच्युतन या केरळातल्या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. पहिल्या खंडात त्यांची निवेदनं त्यांच्या नावानिशी छापली आहेत, कोकणी मजकूर नागरीत. सतराव्या शतकातला वसाहतवादी गव्हर्नर सांगणाऱ्याचं नाव छापतो, आणि पुढे लिनिअस मलबारच्या झाडांसाठी याच ग्रंथाचा आधार घेतो. आज आमचं टेबल काय छापतं? कॉमन नेम. बोलणारा गायब.

मधल्या काळात काय झालं त्याचाही मासला आहे, आणि तो माझ्याच बिरादरीतला. थिओडोर कुक हा रेल्वे बांधायला आलेला इंजिनिअर. पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला आणि त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८. अजून लोक तो उघडतात. त्यात स्थानिक नावंही येतात. ती कोणी सांगितली, कुठल्या खोऱ्यातल्या बाईने, कुठल्या कातकऱ्याने, हे नाही. आपण मराठी नाव म्हणतो त्यातली कितीतरी ठाकर, वारली, कोरकू, भिल्ल लोकांकडून आलेली असणार, आणि 'मराठी' असा एकच कॉलम केला तर त्यांना आपण तेच करू जे इंग्लिशने आपल्याला केलं.

आता त्या बसवून ठेवलेल्या घोषणावाल्याकडे येते. त्याला लॅटिन नको असतं आणि त्या जागी तो संस्कृत आणतो. उद्यानांत पाट्या असतात: आरग्वध, उदुंबर, शाल्मली. नातवाला फिरायला घेऊन आलेले आजोबा, ज्यांनी जन्मभर बहाव्याखाली गुरं बांधली, आरग्वध वाचतात आणि पुढे जातात. त्यांना वाटतं बाहेरचं काही झाड असेल. संस्कृत नाव यादीत जरूर हवं, वैद्यकाचे ग्रंथ त्या नावांनी लिहिलेले आहेत. पण बहावा पुसून आरग्वध लिहिणं आणि बहावा पुसून गोल्डन शॉवर लिहिणं यात त्या आजोबांच्या दृष्टीने फरक काय?

हा सगळा भाषाप्रेमाचा उमाळा वाटत असेल तर हळदीचा खटला आठवा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. घरोघरीच्या आज्यांची साक्ष तिथे चालत नव्हती, लिखित पुरावा लागत होता. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश सुरू झाला, पाच आंतरराष्ट्रीय भाषांत, पेटंट तपासणाऱ्याला हरिद्रा आणि कर्कुमा एकच आहे हे समजावं म्हणून. म्हणजे नावांच्या जोडणीचं टेबल हा थेट पैशाचा आणि हक्काचा प्रश्न आहे. पण तो कोश मुख्यतः लिहिलेल्या ग्रंथांवर उभा आहे. जे ग्रंथात नाही, नुसतं बोललं जातं, त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीची सोय आहे. तिथे स्थानिक नाव लिहायचं असतं. तिथेच कोणी ऑफिसात बसून गूगलवरून 'कॉमन नेम' उतरवलं, तर नोंदवही भरते आणि गाव रिकामं राहतं.

मी काय मागते आहे ते तांत्रिक भाषेत चार ओळींचं आहे. वनस्पतीला अर्थशून्य आकडा. नावांचं वेगळं टेबल, त्यात लॅटिनसुद्धा इतरांच्याच रांगेत. ओळख पटवायची तिथे त्याचा शब्द शेवटचा, दाखवायची वेळ येते तिथे नाही. प्रत्येक नावाला भाषा, तालुका, झाडाचा कुठला भाग किंवा अवस्था, आणि सांगणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचं नाव. एकच नाव अनेक आकड्यांना जोडलेलं असेल तर ॲपने गुपचूप एक निवडू नये, विचारावं: कुठला अशोक? हे माझं संशोधनही नाही. मराठी विश्वकोशात कुठल्याही झाडाची नोंद उघडा, सुरुवातीलाच कंसात हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी, लॅटिन नावं आणि शेवटी कुल. वाईत बसलेल्या माणसांनी कागदावर जे केलं ते क्लाउडवर होत नाही, कारण एका जॉइनने क्वेरी थोडी हळू होते. हे कारण मला मीटिंगमध्ये खरोखर दिलं गेलं. बाकी वेळ एरंडाचं गुऱ्हाळ.

ती नोकरी मी सोडली, तिकीट तिथेच पडून असेल. टेबल मी शनिवार-रविवारी भरते, साध्या शीटमध्ये. सध्या फोडशीवर अडलंय. मावशी म्हणते फोडशी आणि कुली एकच. भाजीवाल्या ताई म्हणतात वेगळ्या, आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवून दाखवतात. पानं मला सारखीच दिसली. फुलं आल्याशिवाय कळणार नाही म्हणाल्या, म्हणून ते दोन आकडे अजून जोडलेले नाहीत आणि नावांसमोर दोघींची गावं लिहून ठेवली आहेत.